आई नावाचा फोल्डर

"पूस. माझ्यासमोर पूस," नवल म्हणाला आणि बायको हेमांगीच्या मागे खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

स्क्रीनवर 'आई' नावाचा फोल्डर होता. हेमांगीची आई तानुबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. तिनं म्हटलेली कानबाई देवीची अहिराणी गाणी या फोल्डरात होती आणि जगात दुसरीकडे कुठेच नव्हती; ज्या मोबाइलवर ती टिपली, तो बिघडून कधीच भंगारात गेला होता. भाकरी थापताना हेमांगी ती लावायची आणि लेक भाविका ऐकता ऐकता अहिराणी उचलायची. काल शाळेत बाईंनी भाविकाला उभं केलं. का, तर पोरीनं भर वर्गात अहिराणीत विचारलं, "मनी पेन्सिल कोठे शे?" साक्रीकडचं गाव सोडून शहरात, पिंप्राळ्यात घर बांधलं तेव्हा नवलनं ही बोलीही टाकली होती, आणि आता ती पोरीच्या तोंडून घरात शिरत होती. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, हळू आवाजात लावेन."

"पूस म्हटलं ना!"

हेमांगीनं फार ताणलं नाही. मागे नवलनं रागाच्या भरात स्वतःच हा फोल्डर पुसला होता, तेव्हा तिनं तो कॉम्प्युटरच्या कचरापेटीतून गुपचूप परत काढला होता. पुसलेलं तिथंच जाऊन पडतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवरा आंघोळीला गेला की झालं! बिचारीला मनातल्या मनात हसूसुद्धा आलं. तिनं बटण दाबलं. 'नक्की पुसायचं का' असं विचारणारी चौकट या वेळी आली नाही. फोल्डर गेला.

नवल टॉवेल घेऊन आत गेला. नळाचा आवाज येताच तिनं कचरापेटी उघडली. रिकामी. बंद करून पुन्हा उघडली. रिकामीच.

मागे वळली तर दारात नवल. अंग कोरडं, नळ नुसता सोडलेला.

"मागच्या वेळी तो परत आलेला मी बघितला होता," तो शांतपणे म्हणाला. "म्हणून सकाळीच सेटिंग बदललं, विचारणारी चौकटही बंद केली. पुसलं की पेटीत जात नाही, कायमचं जातं."

"आई," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

त्यानं तिच्या हाताखालचा माउस काढून घेतला आणि सेटिंग पुन्हा पहिल्यासारखं केलं.

"आता पुसलेलं पेटीत राहील," तो म्हणाला. "तुझं काही चुकून गेलं, तर सापडायला नको का?"