साहेबांचा शब्द

"कुणालाही काढणार नाही, असं साहेब स्वतः म्हणालेत गं!" शिलाई कारखान्याची सुपरवायझर हेमलता बायकांना समजावत होती. कारखाना विकला जाणार अशी कुजबुज होती, आणि बायका काम बंद करून गेटवर बसायच्या बेतात होत्या. तिची मैत्रीण इंदू आधी मशीनवर बसली, मग बाकीच्याही बसल्या. परदेशातली मोठी ऑर्डर वेळेत पुरी झाली.

माल रवाना झाला आणि दुसऱ्याच दिवशी गेटला कुलूप लागलं. बायका बाहेरच अडकल्या. रखवालदारानं फक्त हेमलताला आत सोडलं.

"खरं सांगितलं असतं, तर तू इतक्या मनापासून बोलली नसतीस," कारखान्याचे मालक प्रधानसाहेब हसत म्हणाले. "नव्या कारखान्यात तुझी जागा पक्की आहे."

ज्यांच्या हाताखाली ती घडली, त्यांनी तिच्याच तोंडून थाप मारली होती. "नको मला तुमची जागा," एवढंच तिला बोलता आलं. तडक बाहेर येऊन ती बायकांच्या शेजारी जमिनीवर बसली.

"आता आणखी काय सांगायला पाठवलंय तुला?" इंदूनं विचारलं, आणि उठून ती पलीकडे जाऊन बसली.