दुपारची चक्की

मृण्मयी स्वतःच गाणी लिहायची आणि अकोल्यातल्या घराच्या मागच्या खोलीत रोज दुपारी बसून स्वतःच रेकॉर्ड करायची. त्या दिवशी नवं गाणं पूर्ण झालं. ते नेटवर टाकता टाकता नवऱ्यानं विचारलं, "खाली आभार कोणाचे लिहू?"

ती भडकलीच. "कोणाचेच नको! सारं एकटीनंच करून राहिली मी. या गल्लीत एकानं तरी साथ दिली का मले?"

तणतणतच ती ज्वारीचा डबा घेऊन शेजारच्या चक्कीवर गेली. चक्की बंद होती. बाहेर पाच-सहा बाया डबे घेऊन ताटकळत बसल्या होत्या.

"लाइन गेली का?" तिनं विचारलं.

"लाइन कुठची जाते! रोज दुपारी हेच," एक बाई वैतागून म्हणाली. "दोन तास झाले बसून. काहून बंद ठेवते, ते बी सांगत नाही."

तेवढ्यात चक्कीवाल्या अनसूयाकाकू दारात आल्या. मृण्मयीला पाहताच त्यांनी मोटरच्या बटणावर हात ठेवला.



"झालं का वं बाई गाणं तुह्यं? मंग करतो सुरू."