टिप्याची थाळी

मुरुडच्या बाजारात मासे विकून मी घरी आले, तर आमचा टिप्या दाराशी आडवा पडलेला आणि त्याची भात-माशांची थाळी बाजूला भरलेलीच. एरवी टोपाचं झाकण वाजलं की हा कुत्रा नाचतो. त्याचं खाणं रोज मी निवडते. होडीतून आलेले, विकायला न जाणारे मासे नीट बघून घेते आणि मगच शिजवते. आज घाईत नव्या सुनेला, रचनाला, सांगून गेले होते, "टोपलीच्या तळाचे मासे टिप्याला शिजव." पोर म्हसळ्याची, तिच्या माहेरी मासा बाजारातूनच येतो. मोरीपाशी विळीखाली फुगीर, काटेरी कातडं दिसलं. केंड! हा विषारी मासा आमच्यातलं शेंबडं पोरही वाळूत पुरून टाकतं, कुत्र्यामांजरांच्या तोंडी पडू नये म्हणून. तिला बजावायचं मला सुचलंच नाही. केंड काय कुणाला सांगावा लागतो? मी थाळी लाथेनं उडवली, टिप्याचा जबडा फाकवून आत बोटं घातली. काहीच नव्हतं. त्यानं शेपटी हलवली. "खाल्लं न्हाय गं यानं! वाचला!" मी ओरडले. रचना ओढणीला हात पुसत बाहेर आली. "तोंडच लावेना, आई. म्हटलं नासले की काय, म्हणून मीच दोन तुकडे खाऊन बघितले. चांगले होते." बोलताना ती सारखे ओठ चोळत होती. "फक्त ओठांना मुंग्या आल्यात. मिरची तर घातलीच नव्हती मी."