घराची शिकवणी

“कुकरची रिंग नीट बसली नाहीये,” ती म्हणाली. “काढा. परत लावा.”

नवऱ्याने निमूटपणे रिंग काढली. हा माणूस घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून केसाएवढा स्क्रू शोधणाऱ्या या कारागिराला स्वतःच्या घरात स्वतःचे मोजे आजवर सापडले नव्हते. रोज सकाळी त्याच्या आणि लेकीच्या हाका सुरू. टॉवेल कुठाय, किल्ली कुठाय, काल ठेवलेलं पुस्तक कुणी उचललं. कपड्यांच्या कारखान्यात तिच्या हाताखाली शिलाईचा अख्खा विभाग होता, पण तिथे कुणी तिचं एवढं डोकं खात नसे.

कारखान्याची आता दुसऱ्या गावात शाखा निघत होती. सहा महिने तिथे राहून ती उभी करून द्यायची, असं काम साहेबांनी तिला देऊ केलं होतं. अशा संधीसाठी ती वर्षानुवर्षं झुरली होती. उत्तर आज द्यायचं होतं, नाहीतर दुसरं कुणी जाणार. घरी तिने अवाक्षर काढलं नव्हतं. आपल्यामागे ही दोघं तग धरतात का, ते आधी बघू, म्हणून तिने बापलेकीची शिकवणी लावली होती.

सुरुवातीला दोघांनी वीट आणला. लेकीने पांढऱ्या चादरींबरोबर लाल मोजे धुतले. नवऱ्याने भाताचा कोळसा केला आणि पातेलं कपाटात लपवलं. मग काय चक्रं फिरली कोण जाणे. तो तिच्याआधी उठू लागला. विजेचं बिल न सांगता भरलं. गळका नळ दुरुस्त करून घेतला. तिने ताट उचललं की हातातून काढून घेई. तिला भरून यायचं. असा माणूस सोडून कशाला जायचं? साहेबांना नाही म्हणून टाकावं, असं तिने जवळजवळ ठरवलंच होतं.

झाकण बसलं. नवरा तिच्याकडे न बघता म्हणाला, “खरं सांग. डॉक्टर काय म्हणाले?”

“कसले डॉक्टर?”

“लपवू नकोस. तू एकेक गोष्ट शिकवतच राहिलीस, तेव्हा लेक म्हणाली, आईला काहीतरी मोठं झालंय. तेव्हापासून आमच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही.”

“अहो, मी ठणठणीत आहे. साधी सर्दीसुद्धा नाही.”

“शपथ?”

“तुमची शपथ.”

तो मटकन खुर्चीत बसला. डोळे पुसले आणि खरोखर आनंदाने हसला. “अगं, आईला काही झालेलं नाही,” त्याने आतल्या खोलीत ओरडून सांगितलं.

आतून सुटकेचा मोठा सुस्कारा आला. पाठोपाठ हाक आली, “आई, मग माझा निळा शर्ट कुठाय?”

“जीव खाली-वर केलास आमचा,” नवरा पाय पसरत म्हणाला. “आता तो कुकर तूच बघ. शिट्ट्या किती करायच्या कोण जाणे. आणि जरा चहा टाक.”

तिने हात पुसले आणि तिथेच उभी राहून साहेबांना फोन लावला.

“साहेब, मी जाते,” ती म्हणाली. “घरचं? त्याची काळजी नको. घरी सगळ्यांना सगळं येतं.”