फळा उंचावर होता

“या खोलीत कोणी मोठा नाही आणि कोणी लहान नाही. इथे राज्य चालतं ते फक्त विचारांचं,” डॉ. पेनी सर म्हणाले, आणि पलीकडे राहिलेला चष्मा आणायला कमरेत दुहेरी वाकून, जवळजवळ रांगतच, वाएलुपेंच्या पुढून गेले. “तुलोऊ, तुलोऊ,” असं पुटपुटत. म्हणजे माफ करा, आपल्यासमोरून जातोय. परत येतानाही तसेच आले.

आपिया या बेटावरच्या शहरातल्या विद्यापीठातला राजकीय विचारांचा हा वर्ग सत्र सुरू झाल्यापासून जमिनीवरच भरत होता. खुर्च्या कोपऱ्यात एकीवर एक रचलेल्या होत्या. कारण साधं होतं. वाएलुपे या वर्गातले एक विद्यार्थी. साठी उलटलेले, घराण्याने निवडलेले मताई, म्हणजे मुखिया. ते चटईवर बसत. मताई खाली बसलेला असताना त्याच्यापेक्षा उंच कोण राहणार? मुलं खाली बसली. सरही बसले. फळा मात्र उभ्या माणसाच्या हिशोबाने दोन खांबांच्या मध्ये टांगलेला होता. पहिल्या दिवशी, वाएलुपेंकडे लक्ष जाण्याआधी, सरांनी त्यावर एक शब्द लिहिला होता: ‘सत्ता’. तो तसाच होता. पुसायलाही कोणी उठलं नव्हतं.

सिएनी त्या शब्दाकडे बघत बसली होती. आज तिची पाळी होती. संसदेच्या निवडणुकीला फक्त मताईनेच उभं राहावं का, हा वादाचा विषय. राहावं, असं वाएलुपेंचं सांगून झालं होतं. ते खोडायचं काम सिएनीकडे होतं. समोरच्याचं म्हणणं खोडल्याशिवाय सर कोणाला पास करत नसत. आणि वाएलुपे तिच्याच गावचे मताई. तिच्या घरची तारोची, म्हणजे अळूच्या कंदांची, शेती त्यांच्या शब्दावर चालायची.

“बोल की,” शेजारचा फेतू कुजबुजला. “फार तर काय, रविवारी चर्चमध्ये तुमच्या घरच्यांना मागच्या बाकावर बसवतील.”

“मग तू बोल.”

“मला पास व्हायची घाई नाही.”

खरं सांगायचं तर सिएनीला भीतीपेक्षा कुतूहलच जास्त होतं. मताईला तोंडावर ‘नाही’ म्हटलं तर नेमकं होतं काय? गावात हे कोणी करून पाहिलेलं नव्हतं. सरांनीही नाही. त्यांनी त्यावर फक्त पुस्तक लिहिलं होतं.

“वाएलुपे, आपला मान राखून बोलते,” ती म्हणाली. “मला पटत नाही.”

बाहेरून एक कोंबडी वर्गात शिरली, आणि वातावरण बघून परत गेली.

“का गं पोरी?” वाएलुपेंनी विचारलं. रागावून नाही. त्यांनाही जाणून घ्यायचं असावं.

रात्री घोकलेले सगळे मुद्दे सिएनीच्या डोक्यातून पार उडाले होते. समोर उरला होता फक्त फळा.

“त्या फळ्यामुळे,” ती म्हणाली. “आपण खाली बसता, म्हणून आम्ही खाली बसतो. सरही बसतात. अख्ख्या सत्रात त्यावर कोणाला एक ओळ लिहिता आली नाही. आपण कधी कोणाला ‘बस’ म्हणाला नाहीत. पण म्हणावंच लागत नाही, अडचण तीच आहे. संसदेतही सगळे मताईच असले, तर त्या फळ्यापर्यंत हात कोणाचा पोचणार?”

फेतूने डोळे मिटून घेतले. सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ शर्टाच्या टोकाने पुसला.

वाएलुपेंनी आधी फळ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या खुर्च्यांकडे, मग सरांकडे.

“म्हणजे मास्तर, ही तुमची पद्धत नव्हे?”

“कसली पद्धत?”

“ही, जमिनीवर बसवून शिकवायची.”

“छे हो. आपण बसला होतात, म्हणून...”

“कोणी खुर्च्या मांडेल म्हणून वाट बघत मी चटईवर टेकलो होतो. पहिल्या दिवशी. ऑकलंडच्या कारखान्यात उमेदीची वर्षं गेली माझी, या गुडघ्यांना मांडी आता सोसत नाही. तर ही मुलं आली, खाली बसली. तुम्ही आलात, तुम्हीही बसलात. म्हटलं, विद्यापीठात हल्ली असंच शिकवत असतील. गुरुजी जमिनीवर आणि मी खुर्चीवर, बरं दिसतं का ते?”

कोणी हसलं नाही. फेतू चटईची वीण फार लक्षपूर्वक पाहू लागला. सिएनीला वाटलं, आपण हरलो की जिंकलो हे कोणाला तरी विचारायला हवं.

“मुद्दा बिनतोड आहे,” सर अखेर म्हणाले. कोणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही. “सिएनी, तू पास.”

“मला मात्र अजून पटलेलं नाही,” वाएलुपे म्हणाले. “रविवारी चर्च सुटल्यावर घरी जेवायला ये. तिथे पुन्हा वाद घालू. बापालाही आण, त्यालाही ऐकू दे तू कशी बोलतेस ते.”

“छान,” सर म्हणाले. “मग आता खुर्च्या काढू या.”

कोणी हललं नाही. मुलं सरांकडे बघत होती, सर वाएलुपेंकडे, आणि वाएलुपे सरांकडे. फळ्यावरचा शब्द सगळ्यांच्या डोक्यावर होता.

“सिएनी,” वाएलुपे शेवटी हळूच म्हणाले, “आधी तू ऊठ. आणि मला जरा हात दे गं. पायाला मुंग्या आल्यात.”