किती ओलं होते?

“दिवसातून किती वेळा ओलं होते?” दीपमाला सिस्टरनं विचारलं.

“एखाद वेळा,” पंजाबरावांनी भिंतीकडं पाहत सांगितलं. “थोडंसं.”

अकोल्यातल्या दवाखान्याच्या ड्रेसिंगच्या खोलीत त्यांचा डावा पाय स्टुलावर होता. नडगीवर तळहाताएवढी जखम, चार महिन्यांची. सून पायल बाळाला खांद्यावर थोपटत दाराशी उभी होती.

सिस्टरनं ट्रेमधून पातळ पट्टी उचलली. “थोडंसं असन तर ही पुरते. जास्त पाणी येत असन तर फोमची जाड लागते. कोरड्या जखमेले ती चिकटते. म्हणून खरं सांगा, बाबा.”

“खरंच सांगून राहिलो.”

पायल थोपटायची थांबली. उद्या आषाढ पौर्णिमा. बुद्धविहारात वर्षावासाचं, पावसाळ्यातल्या तीन महिन्यांचं ग्रंथवाचन सुरू व्हायचं होतं, आणि वीस वर्षं पहिला अध्याय बाबाच वाचत आले होते. यंदा म्हणाले, घसा बसला. घशाला काही झालं नव्हतं. पांढऱ्या पायजम्यावर पिवळा डाग उतरायला तासही लागत नव्हता. पहाटे उठून ते पायजमे स्वतःच धुऊन वाळत घालत. ते आंघोळीला गेले की पायल ते उतरवून पुन्हा धुवायची, आणि होते तसेच, त्याच जागी टाकायची.

सिस्टर पाकीट फाडू लागली.

“थांबा, सिस्टर,” पायल म्हणाली. “तीनदा. दुपारपर्यंतच तीनदा.”

पंजाबरावांची मान खाली गेली. “तुले कोणं सांगतलं?”

“कोणी नाही, बाबा. कपडे मीबी धुतो ना.” तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “याचे तर दहादा बदलतो.”

“ते लेकरू हाय, पायल.”

“हो ना. त्याले सांगता येत नाही तर रडते तरी. तुमी तर रडतबी नाही.”

पातळ पट्टी ठेवून सिस्टरनं कपाटातून जाड, उशीसारखी मऊ पट्टी काढली. जखम धुतली, टिपली, पट्टी हळूच चारी बाजूंनी दाबून बसवली.

पंजाबरावांनी विचारलं, “ही किती वेळ टिकन, बाई?”

“काहून? कुठी जाता?”

“कुठी नाही. एक अध्याय वाचाचा हाय उद्या.”

“मांडी नका घालू, खुर्चीवर बसा. दोन दिवस निघन आरामात.”

“दोन दिवस पाहिजेच, सिस्टर,” पायल म्हणाली. “बाबा एका अध्यायावर थांबत नाही.”