दाराचं माप

सासऱ्यांची जुनी मोटरसायकल मास्तरांनी सुटी करून मागच्या बिनखिडकीच्या खोलीत नेली आणि निवृत्तीचं पहिलं वर्ष तिच्यापायी घालवलं. आज शेवटचा नट आवळला, तर गाडी पहिल्याच किकला धडधडली. स्वारी एकदम खूश. पण बाहेर काढायला गेले, तर हँडल चौकटीत अडलं.

"जोडायच्या आधी दार मोजायचं असतं हो," बायको बाहेरून हसली. "जन्मभर गणित शिकवलंत ना?"

मास्तर चरफडले. दार त्यांनी मोजलं होतं. भिंतीवर खडूनं लिहिलेलंच होतं, तीस इंच. हँडल अठ्ठावीस. त्यांनी पुन्हा टेप लावली. दार सव्वीस भरलं.

निमूटपणे त्यांनी हँडल उतरवलं आणि गाडी परत ढकलली. आता पाय ठेवायचे दांडे अडले. दार वीस भरलं.

खड्ड्यात गेली गाडी, म्हणत त्यांनी ती मागे ओढली आणि स्वतःच तिरके होऊन बाहेर पडायला गेले. एक खांदा गेला, पोट जाईना.

"बसून बसून सुटलंय नुसतं!" बायको म्हणाली. "राहू दे आता. चहा गार होतोय, आधी तो घ्या."

तिनं कपबशी पुढे केली. बशी दोन्हीकडून चौकटीला टेकली. तिनं दचकून हात काढून घेतला, तरी बशी पडली नाही. कपासकट ती तशीच दारात अधांतरी राहिली.

मग ती तडकली.